डावीकडून काही ऐकू येत नाही

मितेशची कामवारी फुटबॉल क्लबच्या अंतिम संघात निवड झाली आणि कशेळीच्या नाक्यावर दुमजली घर झाकेल एवढा बॅनर लागला. मधोमध मितेश. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात जाड साखळी, हाताची घडी, पायाखाली फुटबॉल आणि फुटबॉलच्या मागे, का कोण जाणे, एक वाघ. वर ठळक अक्षरांत 'लेफ्ट बॅकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे फोटो इतके, की शेवटच्या रांगेतल्यांना स्वतःचं तोंड सापडायला मोबाइलचा कॅमेरा झूम करावा लागत होता.

आता हे झालंच नाही असं समजा. निदान कशेळीत तरी सगळे तसंच समजत होते, कारण बॅनर लागला तेव्हा निवड अजून व्हायची होती.

चूक भाऊची. भाऊ म्हणजे नाक्यावरचा बॅनर छापणारा. आपल्याकडे निकालानंतर बॅनर लावणारा माणूस आळशी गणला जातो. वाढदिवसाचा बॅनर आठवडाभर आधी लागतो, सरपंचाचा मतमोजणीच्या आधी, आणि बारशाचा तर एकदा बाळाच्याही आधी लागला होता. भाऊचा हिशोब साधा होता. क्लबचे मालक केसरीनाथ शेठ, मितेश त्यांचा मुलगा, आणि मुलगा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव, खेळतो. यात ठरायचं काय राहिलं? त्याने कोणालाही न विचारता पहाटे बॅनर बांधला आणि चहा प्यायला गेला.

बॅनर काढायचा तर तो लागला होता हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून कोणी काढला नाही. ज्याच्याखालून भिवंडीच्या गोडाऊनांतला अख्ख्या देशाचा माल जातो तो बॅनर कशेळीतल्या एकाही माणसाने पाहिला नाही. शेठ तिथून जाताना फोन कानाला लावत, कोणाचा आलेला असो वा नसो. शेठची थोरली बहीण आक्का, जी क्लबच्या पोरांचं जेवण बघायची, ती पदर पुढे ओढून घेई. आणि क्लबचे प्रशिक्षक सावळाराम सर टीमच्या बसमधून त्या वाघाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "आज हवा बरी आहे." बसमधल्या सगळ्यांनी हवा बरी असल्याचं मान्य केलं. मितेश मागच्या सीटवर वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

लोकांना वाटे, मालकाचा पोरगा, याला कसली फिकीर. पण मितेशला संघात यायचं होतं, आणि तेही बॅनरच्या आधी यायचं होतं, जे आता शक्य राहिलं नव्हतं. लहानपणापासून त्याला सगळं मिळालं होतं, पण 'मिळवलंस' असं कोणी म्हणालं नव्हतं. गाडी मिळाली, साखळी मिळाली. डावा पाय मात्र त्याने स्वतः घडवला होता. गोडाऊनच्या मागच्या भिंतीवर बॉल मारून मारून त्याने तिथला रंग उडवला होता, आणि ती भिंत हीच त्याच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जी पप्पांच्या ओळखीने झाली नव्हती. भिंत पप्पांची होती, एवढंच.

शेठचं म्हणाल तर त्यांनी शब्द दिला होता. खाडीकाठची भातजमीन गोडाऊनखाली गेली, भाड्याचा पैसा आला, आणि मग इतर शेठ बैलगाड्या शर्यतीत उतरवत होते तेव्हा यांनी फुटबॉलचा क्लब काढला. तोही रीतसर व्यावसायिक. पोरांना करार, पगार, व्हिडिओ काढणारा माणूस, छातीला बांधायचं धावणं मोजणारं यंत्र, आणि विनिता नावाची फिजिओ, जी कोणाच्याही गुडघ्याला हात लावून त्याचं भविष्य सांगायची. सावळाराम सर खारबावचे, रेल्वेकडून खेळून आलेले. त्यांनी नोकरी घेताना एकच अट घातली. शेठ आक्कासमोर म्हणाले होते, "गोडाऊन माजा, बस माजी, टीम माजी. पन खेलनार कोन, ता तुमी ठरवायचा." आक्कासमोर बोललेला शब्द शेठना मागे घेता येत नसे. धंद्यातले घेता येत.

लीगला वीस नावं द्यायची होती आणि शेवटच्या चाचणीच्या दिवशीच संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. एकोणीस ठरली होती. एक लेफ्ट बॅक उरला होता आणि त्या जागेवर दोन माणसं होती, मितेश आणि जीवन.

जीवन गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यातला. एसटीने यायचा, एसटीने जायचा. त्याच्याबद्दल एवढंच सांगता येईल की त्याच्याबद्दल काही सांगता येत नसे. तीन आठवडे मितेश त्याच्याबरोबर, त्याच्याविरुद्ध, त्याच्या शेजारी खेळला होता, आणि याने नेमकं काय केलं हे आठवायला गेलं की काहीच आठवत नव्हतं. मितेशचं सगळं आठवे. घसरत जाऊन काढलेला बॉल, हवेत मारलेली कात्री, खाली गाणं लावून टाकलेले व्हिडिओ. जीवनचा व्हिडिओ काढणाऱ्याने एकदा तक्रार केली होती की हा पोरगा फ्रेममध्ये येतच नाही, बॉल याच्याकडे येण्याआधीच प्रकरण मिटलेलं असतं. त्याची पावलंही वाजत नसत. लहानपणापासून शेताच्या बांधावरून अनवाणी चालून त्याचे पाय मांजरासारखे झाले होते. एकदा त्याने मागून येऊन आक्काकडे पाणी मागितलं, तर आक्काच्या हातातून डाव पडला आणि तिने देवीचं नाव घेतलं.

तो मितेशला 'शेठ' म्हणायचा. मितेशने त्याला किती वेळा सांगितलं की शेठ नको. मग जीवन म्हणायचा, "बरं, शेठ."

शेवटची चाचणी मैदानावर व्हायची होती. पण मैदान शेठनीच कोणाच्या तरी हळदीला दिलेलं होतं, आणि सकाळी सकाळी तिथे डीजेवाल्यांनी बॉक्स लावून एकमेकांना 'हॅलो, चेक, चेक' म्हणायला सुरुवात केली होती. म्हणून सगळे शेठच्या नव्या गोडाऊनमध्ये गेले. अजून भाड्याने न गेलेलं, जमिनीवर हिरवं टर्फ अंथरलेलं.

मितेशने ते बांधताना पाहिलं होतं, तरी आत शिरल्यावर तो दारातच थांबला. रिकामं गोडाऊन ही भिवंडीत दिसणारी गोष्ट नाही. इथे खोके, गाठी, फ्रिज, बूट, औषधं छतापर्यंत असतात. हे रिकामं होतं आणि इतकं मोठं होतं की पलीकडची भिंत जरा निळसर दिसत होती. वर एक कबूतर एका खांबावरून दुसऱ्यावर गेलं, तर त्याच्या पंखांचा प्रत्येक फटका मोजता आला असता. भाविक गोलकीपर, ज्याचं तोंड कधी बंद नसे, तो सुद्धा कुजबुजत म्हणाला, "इथे चप्पल काढायची का रे?"

सरांनी एक प्लास्टिकची खुर्ची मागवली. ती मैदानाच्या मध्यरेषेवर, बाहेरच्या बाजूला ठेवली. मग ती फिरवली, मैदानाकडे पाठ करून, बंद शटरकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "करा चालू."

कोणी चालू करेना.

"सर, आम्ही इकडे आहोत," अनंता म्हणाला. अनंता सेंटर बॅक, मधला बचाव सांभाळणारा. आयुष्यात त्याला कुठलीच गोष्ट जागेवर दिसली नव्हती, त्यामुळे त्या जागेवर तो उत्तम होता.

"माहीत आहे. तीन आठवडे बघितलं तुम्हाला. आता ऐकतो."

विनिताने खुलासा केला. सरांच्या वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. सर लहानपणी लूमच्या शेडमध्ये बसून अभ्यास करायचे, आणि चोहीकडे खटखट चाललेली असताना कुठल्या लूमवर धागा तुटला ते पाटीवरून मान वर न करता सांगायचे.

ही माहिती देऊन विनिताने स्वतःच्या मते मदत केली. प्रत्यक्षात असं झालं की पोरांना वाटलं, सर ऐकताहेत म्हणजे ज्याचा आवाज जास्त तो संघात. ज्यांची नावं आधीच ठरलेली होती त्यांनाही वाटलं. शिट्टी वाजली आणि गोडाऊन फुटायची वेळ आली. स्ट्रायकर बॉल मिळाला की स्वतःचं नाव घेऊन ओरडू लागला. बाळाराम नावाचा मिडफिल्डर स्वतःच्या खेळाचं धावतं वर्णन करू लागला, "बाळारामने बॉल घेतला, बाळाराम वळला, वाहवा बाळाराम." भाविक उगीचच टाळ्या वाजवत होता. एकाने तर बुटाच्या नाडीला घुंगरू बांधल्याचा संशय आहे, पण ते पुढे सिद्ध झालं नाही.

पहिल्या अर्ध्यात पहिल्या संघाचा लेफ्ट बॅक मितेश होता, आणि तो सगळ्यांत जास्त ओरडला. "छोड छोड", "माझा", "लाइन, लाइन", "मी हाय". टॅकल असा घातला की टर्फ चर्रकन वाजलं आणि कबूतर उडालं. सर शटरकडे बघत बसले होते. मधूनच त्यांनी कान खाजवला.

अर्धा झाला. सर मागे न वळता म्हणाले, "जीवन, पहिल्या संघात जा. मितेश, खुर्ची घेऊन इकडे ये."

मितेशने खुर्ची आणली आणि सरांच्या शेजारी, शटरकडे तोंड करून बसला. मागे शिट्टी वाजली.

"मागं बघू नको," सर म्हणाले. "काय ऐकू येतं ते सांग."

आधी काहीच सांगता येईना. नुसता गोंगाट. मग कान सरावले आणि एकेक गोष्ट सुटी होऊ लागली. बाळाराम स्वतःचं कौतुक करत उजवीकडे चालला होता. स्ट्रायकर स्वतःला हाका मारत होता. उजवीकडून अनंता राइट बॅकला शिव्या घालत होता, त्या नेहमीच्याच. मितेशने हे सगळं सांगितलं.

"आणि डावीकडून?"

मितेशने कान दिला. बूट नाही, हाक नाही, टॅकल नाही.

"डावीकडून काही ऐकू येत नाही, सर," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याला जरा बरं वाटलं. म्हणजे जीवनने काही केलंच नव्हतं.

"तू खेळत होतास तेव्हा डावीकडून काय येत होतं?"

"मी ओरडत होतो."

"तुझं सोड. दुसरं कोण?"

मितेश आठवू लागला. पहिल्या अर्ध्यात अनंता सारखा ओरडत होता, 'मितेश, मागं ये'. भाविक ओरडत होता, 'डावा मोकळा, डावा मोकळा'. डावा विंगर ओरडत होता, 'कुठे गेला हा'. तो स्वतः इतका ओरडत होता की हे त्याला तेव्हा ऐकू आलंच नव्हतं. कानांत होतं सगळं, साठवलेलं. आता एकेक करून बाहेर येत होतं, आणि प्रत्येकात त्याचं नाव होतं.

आणि आता तीच माणसं, तोच बॉल, तीच डावी बाजू. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. बॉल डावीकडे जाई आणि तिथला आवाज मिटे. खाडीला ओहोटी लागते तेव्हा काही वाजत नाही, पण नांगरलेल्या सगळ्या होड्यांची तोंडं एकदम फिरतात, तसं मागे काहीतरी फिरत होतं. मितेशला मागे वळून बघावंसं वाटलं, आणि वळलं तर ते दिसणार नाही हेही कळलं. तीन आठवडे समोरच होतं की, दिसलं कुठे.

तेवढ्यात एक आवाज आला. अनंताचा. पण तो ओरडत नव्हता. खेळ चालू असताना, एखाद्याने ओट्यावर बसून विचारावं तसं तो विचारत होता, "भाविक, आज जेवायला सुकट हाय का रं?"

"आक्काने बोंबील काढलेले सकाळी," भाविकचा आवाज आला.

सरांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असा भाव, जसा गाणं समेवर आल्यावर येतो.

शटरच्या छोट्या दारातून केसरीनाथ शेठ आत आले. पांढरे कपडे, कानाला फोन. येताना बॅनरखालून आले असणार. समोर बघतात तर प्रशिक्षक आणि मुलगा, दोघं खेळाकडे पाठ करून बसलेले. आपल्याला बघून दाराकडे वळलेत की काय असं वाटावं तर तेही नाही.

"काय चाललाय?"

"ऐकतोय, शेठ. बसा."

शेठनी तिसरी खुर्ची घेतली. तिघं शटरकडे बघत बसले. शटरवर काही नव्हतं. बराच वेळ गेला आणि मागून अनंता म्हणाला, बोंबील तळणार की कालवणात टाकणार.

"यो बॉल खेलतो का जेवनाची चौकशी करतो?" शेठ म्हणाले.

"दोन्ही, शेठ. मघाशी त्याला दोन्ही जमत नव्हतं."

फुटबॉल शेठना फारसा कळत नसे, पण गोडाऊन कळत होतं. त्यांनी मान जरा वाकडी केली, जशी छपराला गळती आहे का हे बघताना करत. मग सावकाश म्हणाले, "ज्या गोडाऊनवरना मना कदी फोन येत न्हाय, तिथला मानूस मी कदी सोरला न्हाय."

विनिताने शेवटची शिट्टी वाजवली. सर म्हणाले, "मितेश, मालकाचा मुलगा म्हणून विचारत नाही. लेफ्ट बॅक म्हणून विचारतो. तू अनंताच्या जागी असतास तर शेजारी कोण हवा होता?"

मितेशने पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी फोन कानाला लावला नाही. ते मुलाकडे बघत होते, आणि मितेशला आठवेना की ते असे याआधी कधी बघत होते.

"जीवन," तो म्हणाला.

"बोला, शेठ," मागून आवाज आला.

तिघंही दचकून उभे राहिले. जीवन पाणी प्यायला आला होता आणि केव्हापासून मागे उभा होता, देव जाणे. शेठचा हात गळ्यातल्या ताईतावर गेला होता.

पाचच्या आत विसावं नाव लीगच्या वेबसाइटवर गेलं. ते मितेशनेच टाइप केलं, कारण बाकी कोणाला पासवर्ड आठवत नव्हता. मग सगळे गेल्यावर तो गोडाऊनमध्ये एकटाच राहिला. त्याने बूट काढले, मोजे काढले, आणि एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत अनवाणी चालून पाहिलं. जमेल तेवढं हलकं. तरी आवाज येत होता. तो पलीकडच्या निळसर भिंतीला टेकून बराच वेळ बसला. रडला की नाही हे कबुतरालाच माहीत, आणि ते कोणाला सांगणार नाही.

बॅनरचं काम भाऊने स्वतःहून अंगावर घेतलं. नवा छापणं त्याला पटेना, एवढा वाघ वाया जाईल म्हणाला. त्याने जीवनच्या पासपोर्ट फोटोतलं तोंड मोठं करून मितेशच्या तोंडावर चिकटवलं. बाकी सगळं तसंच. साखळी, हाताची घडी, वाघ. पहिल्या सामन्याचं कळल्यावर जीवनची आई बायजाबाई एसटीने आली, नाक्यावर उतरली आणि कशेळीत पहिल्यांदाच कोणीतरी त्या बॅनरकडे उघडपणे मान वर करून पाहिलं.

"त्वांड माज्या पोराचा हाय," ती शेजारी उभ्या असलेल्या मितेशला म्हणाली. "पन ही मान कोनाची?"

"ती माझी आहे, मावशी."

बायजाबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरी हाय," ती म्हणाली, आणि हे त्याला खाली लिहिलेल्या सगळ्या हार्दिक अभिनंदनांपेक्षा जास्त मोलाचं वाटलं.

शेठनी मितेशला क्लबचा व्यवस्थापक केलं. त्याने ते काम आनंदाने घेतलं असं नाही, पण घेतलं. सामन्याच्या आधी सर काळजीत होते. मैदान महामार्गाला लागून, मागच्या गल्लीत लूम, समोर लग्नाचा हॉल. ते म्हणाले, इथे मला काही ऐकू येणार नाही. मितेशने सांगितलं, मी बघतो. व्यवस्थापक म्हणून त्याने केलेलं पहिलं काम हे:

प्रति,
मा. सक्षम अधिकारी महोदय,
भिवंडी.

विषय: सामन्यादरम्यान शांतता मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, आमच्या क्लबचा पहिला सामना येत्या रविवारी दुपारी चार वाजता होत आहे. सदर सामन्यात लेफ्ट बॅक या जागेवर श्री. जीवन हे खेळणार असून त्यांचा आवाज येत नाही. तो येत नसल्याचे उपस्थित सर्वांना स्पष्टपणे ऐकू यावे, यासाठी सामना संपेपर्यंत तालुक्यातील सर्व लूम, महामार्गावरील दोन्ही दिशांचे सर्व ट्रक, हळदीचे व इतर सर्व डीजे, तसेच प्रेशर कुकर बंद ठेवण्याचे आदेश व्हावेत. कबुतरे व खाडीचे पाणी आपल्या अखत्यारीत येत असल्यास त्यांनाही तशी समज द्यावी. आमचे सेंटर बॅक श्री. अनंता यांना जेवणाची चौकशी करण्यापुरती सूट असावी.

सदर खेळाडूची निवड योग्यच झाली आहे, हे निम्नस्वाक्षरीकर्त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. तरी मेहरबान साहेबांनी एकदा सर्वांना ऐकू द्यावे, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
मितेश,
व्यवस्थापक, कामवारी फुटबॉल क्लब.